घाटावर बसलेला ढग

माझ्या सासरी लोक अजून सांगतात की त्या वर्षी नदी अवचित आली. अवचित हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. येण्याआधी दोन तास तिनं घाटावरून सांगावा धाडला होता आणि तो मी आमच्या मागच्या दारात बसून वाचला होता. बाकी कुणी तो वाचायची तसदी घेतली नाही, आणि मी वाचूनही गिळला. या गोष्टीला आता पन्नासाहून जास्त वर्षं झाली. माझा राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

माझं माहेर वैभववाडीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. वैशाखात तिथं सगळं रखरखीत असायचं. गवत जळून गेलेलं, कातळावर पाय ठेवू नये इतका तो तापलेला, आणि ओहळ म्हणजे नुसत्या धोंड्यांच्या वाटा. त्या कोरड्या ओहळांतूनच आम्ही लाकडं आणायचो, गुरं न्यायचो. आई कशालाच भ्यायची नाही, एक गोष्ट सोडून. उन्हाळ्यात दुपारनंतर घाटमाथ्यावर काळे ढग उठतात. ढग चालता असला तर ती ढुंकून बघत नसे. चालता ढग चार थेंब इथं टाकतो, चार तिथं टाकतो आणि आपल्या वाटेनं जातो. पण एखादा ढग एकाच डोंगरावर बसून राहिला की आई हातातलं काम टाकून उठायची. कातळ पाणी पीत नाही. बसलेला ढग जे ओततो ते सगळं तसंच्या तसं ओहळात उतरतं, आणि खाली लख्ख ऊन पडलेलं असताना ते येतं.

ढग चालतोय की बसलाय हे नुसतं मान वर करून कळत नाही. त्यासाठी आईची रीत होती. ढगाची कड कुठल्या सुळक्यावर आहे ते नीट बघून ठेवायचं, जात्यावर बसायचं, एक शेर नाचणी दळायची आणि मग परत बघायचं. कड तिथंच असली तर ओहळात असतील नसतील तेवढ्या माणसांना हाका मारून वर घ्यायचं. "पयलो पातेरो येता," ती सांगायची, "पाणी मागसून." पातेरो म्हणजे वाळका पाला. पाण्याचं तोंड दिसायच्या आधी तो पुढे ढकलला जातो. तो दिसला की हातातलं टाकायचं आणि पळायचं.

आई पुष्कळदा चुकायची. दहा वेळा हाका मारल्या तर दोन-तीन वेळा पाणी यायचं. पण यावरून आमच्या वाडीत तिला कुणी हसल्याचं मला आठवत नाही. लोक वर यायचे, सावलीत बसायचे, तपकीर ओढायचे, आणि काही आलं नाही की पुन्हा खाली उतरायचे.

साधारण पंचावन्न-छप्पन साली माझं लग्न झालं आणि मी खाली, मालवणच्या बाजूला आले. गाव खाडी संपते तिथलं. भरतीचं पाणी गावाच्या खालच्या टोकापर्यंत यायचं, वरच्या अंगाला नदीचं पात्र सुरू व्हायचं. उन्हाळ्यात पात्र कोरडं, मधे एक कोंड तेवढा कमरेइतक्या पाण्यानं भरलेला. माझा नवरा आणि थोरले दीर मुंबईत नोकरीला. सासूबाई मी यायच्या आधीच वारलेल्या. घरात आम्ही तिघंच, सासरे, थोरली जाऊ आणि मी.

सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. ते तांडेल होते. सारा जन्म मालाच्या गलबतावर, पडावावर, मालवणहून खारेपाटण, गोवा, मुंबई. सगळ्या किनाऱ्यावर त्यांच्या आभाळाच्या अंदाजाला मान होता. तो खोटा नव्हता, हे मी कबूल करते. पश्चिमेला एक काळी रेघ बघून कुठल्या घटकेला वारा फिरेल ते सांगायचे आणि वारा फिरायचा. पण चाळीस वर्षं त्यांनी आभाळ वाचलं ते समुद्राकडे तोंड करून. पूर्वेचं आभाळ म्हणजे त्यांच्या लेखी घराची मागची बाजू, जिथं केर टाकतात. गावही त्यांच्यासारखंच. पावसाळा तोंडावर आला की सगळ्यांच्या माना दर्याकडे. नदी मात्र घाटाकडून येते, हे इतक्या शहाण्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये याचं मला आजही नवल वाटतं. नवल कसलं, संताप येतो.

पावसाआधी वर्षाची अंथरुणं धुवून ठेवायची हा तिकडचा नेम. वैशाखात दोन-तीन दिवस वाडीतल्या बायका पहाटे गोधड्यांची ओझी घेऊन कोंडावर जायच्या, धुवायच्या, तापल्या धोंड्यांवर पसरायच्या आणि उन्हं कलली की घेऊन यायच्या. ओली गोधडी एकटीला पेलत नाही. दोघींनी दोन टोकं धरून उलटसुलट पीळ द्यावा लागतो.

माझ्या पहिल्याच वैशाखात आम्ही कोंडावर असताना मला घाटावर ढग दिसला. मी नदीवरून घरी काही आणायला गेले होते. परतताना बघितला, आणि नंतर बऱ्याच वेळानं वर चढून पुन्हा बघितला. जागचा हलला नव्हता. मी ओरडून सगळ्यांना वर काढलं. ओल्या गोधड्या ओढत, धापा टाकत सात-आठ बायका दरडीवर आल्या. आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. पाणी आलं नाही. तो ढग घाटाच्या पलीकडे, देशाच्या अंगाला रिकामा झाला असणार. इकडे गोधड्यांना माती लागली होती, दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या परत धुवाव्या लागल्या.

मग काय विचारता. "काय गो, आज ढग उठलो काय बसलो?" हे मी विहिरीवर, शेतात, देवळात, वर्षभर ऐकलं. सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती माझी जाऊ. पण ती तोंडावर हसायची. माझ्या माघारी कुणी हसलं तर त्याच्याशी भांडायची, आणि घरी येऊन ते भांडण मला साभिनय सांगायची. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. त्या घरात मला माहेरची आठवण फार येऊ दिली नाही ती तिनं.

मामंजी हसले नाहीत. त्यांनी मला खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, बोलावलं. "घाटार पडता तो पावस घाटवाल्यांचो," ते म्हणाले. "आमचो पावस दर्यातसून येता. परत ह्या घरात आभाळाची गोष्ट नको. आभाळ बघूक मी आसंय." मी मान खाली घालून हो म्हटलं. तेव्हा मी अठरा वर्षांची होते, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे.

मधे दोन वैशाख असेच गेले. त्याच्या पुढच्या वर्षी जाऊ पहाटे गोधड्या घेऊन पुढे गेली. मी घरचं आटपून दुपारी तिची पेज घेऊन जायचं ठरलं होतं. आमचं जातं मागच्या पडवीत, तिथून पूर्वेला घाट दिसायचा. परसात एक भेरला माड होता. ढगाची काळी कड बरोबर त्याच्या बुंध्याला लागलेली मी बघितली आणि नाचणी घेऊन बसले. शेर दळून झाला. कड बुंध्यालाच होती. आत वीज लकलकत होती, आवाज काही येत नव्हता.

आई असती तर तेव्हाच उठली असती. मी उठले नाही. मला वाटलं, आणखी एकदा खात्री करावी. मी दुसरा शेर दळायला घेतला. त्या दुसऱ्या शेराची घरात काही गरज नव्हती. गावानं मला हसून हसून तो माझ्याकडून दळून घेतला, आणि मी मुकाट दळून दिला. या गोष्टीत मला ज्यांचा राग आहे त्यांच्यात माझाही नंबर आहे, आणि तो शेवटचा नाही.

दुसरा शेर झाला तरी कड बुंध्यालाच. मी पेजेचं मडकं घेऊन निघाले. खळ्यात मामंजी सुंभ वळत बसले होते, तोंड अर्थातच पश्चिमेला. मी थांबले. "मामंजी, घाटार," एवढंच बोलले. त्यांनी मान वळवली नाही. नुसता हात वर केला, पंजा माझ्याकडे करून. मी पुढचं गिळलं आणि चालू लागले.

नदीवर बायका जेवायला दरडीवर करंजाच्या सावलीत आल्या होत्या. जावेसकट पाच जणी. त्यांच्या गोधड्या खाली धोंड्यांवर वाळत होत्या. डोक्यावर आभाळ निळंभोर, आणि झाडीमुळे तिथून घाट दिसत नव्हता. जावेला पेज वाढताना मी हळूच म्हटलं, "वयनी, घाटार ढग बसलो आसा. दोन शेर दळलंय, हाललो नाय."

ती हसली नाही. हातातली पेज खाली ठेवली. "खरां सांगतंस?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं विश्वास ठेवला माझ्यावर. सगळ्या गावात एकटीनं ठेवला. मग ती म्हणाली, "मामंजींची वाकळ तेवढी रवली आसा. ती पिळूया, आपली अंथरुणां गोळा करूया आनी जावया. हेंका आत्ता काय सांगू नको. परत तुका हसतले."

मला कुणी हसू नये म्हणून ती असं म्हणाली. आणि मला ते बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण बरं वाटलं.

मामंजींची वाकळ म्हणजे साधी गोधडी नव्हती. सासूबाईंनी, जाऊ त्यांना आवस म्हणायची, आपली जुनी लुगडी एकावर एक घालून ती शिवली होती, आणि त्या गेल्यापासून मामंजी दुसऱ्या कशावर निजत नसत. जाडजूड, भिजली की धोंड्यासारखी जड. तिला जरा डाग राहिला, टाका उसवला, तर जावेला आठवडाभर ऐकून घ्यावं लागायचं. म्हणून ती नेहमी शेवटी धुवायची.

आम्ही दोघी खाली उतरलो. कोंडातून वाकळ ओढून काढली, दोन टोकं धरली आणि पीळ द्यायला लागलो. माझं तोंड नदीच्या वरच्या अंगाला होतं, तिचं माझ्याकडे. आधी वास आला, ओल्या मातीचा. मग धोंड्यांच्या मधून एक तपकिरी पट्टी सरकत येताना दिसली. पाणी दिसत नव्हतं. नुसता वाळका पाला, काटक्या, फेस.

"पातेरो," मी म्हटलं, आणि माझ्या हातातून टोक सुटलं. सुटलं म्हणजे मी सोडलं. आईनं सांगितलं होतं तसंच, हातातलं टाकायचं आणि पळायचं. मी पळाले. तीही मागून येतेय असं मी धरून चालले. दरडीच्या निम्म्यावर जाऊन वळून बघितलं तर ती तिथंच, दोन्ही हातांनी वाकळ ओढत होती. "सोड ती, वयनी," मी ओरडले. ती म्हणाली, "आवशीच्या लुगड्यांची आसा गो, टाकू कशी?" तिचा आवाज घाबरलेला नव्हता. घाईत असलेल्या माणसाचा असतो तसा होता. पाणी तिच्या घोट्याला होतं. तिनं आणखी तीन-चार पावलं ओढली असतील, तोवर ते गुडघ्याला लागलं, आणि मागून खरं पाणी आलं, गढूळ, पुरुषभर उंच, त्यात आख्खी झाडं होती.

वर दरडीवर ऊन होतं. पेजेवर माशी बसलेली मी बघितली.

तासाभरात पाणी उतरलं. दुसऱ्या दिवशी पात्र पुन्हा जवळपास कोरडं होतं, फक्त धोंडे इकडचे तिकडे झालेले. जाऊ त्या सकाळी खाडीत सापडली, तिवरांच्या झाडीत. मासे मारायला गेलेल्या गाबतांनी तिला होडीतून आणलं. वाकळ तिच्यापासून दहा हातांवर अडकली होती. तीही त्यांनी आणली. काही फाटली नव्हती ती.

तलाठी आला. त्याच्यासाठी खळ्यात खुर्ची मांडली. आधी काही लक्षण दिसलं होतं का, असं त्यानं विचारलं. मामंजी त्याच्याशी कचेरीतलं मराठी बोलले. "छे हो, साहेब. आभाळ स्वच्छ होतं. कुणालाच कळण्यासारखं नव्हतं. अवचित आलं." तलाठ्यानं तेच लिहून घेतलं. मी दाराआड उभी होते. मधल्या काळात मी पुष्कळदा मनातल्या मनात त्या दारातून बाहेर आले आहे.

गावानं देवळात गाऱ्हाणं घातलं. तिथं ठरलं की कोंडाच्या राखणदाराचा मान राहिला होता, म्हणून त्यानं बाई नेली. पुढच्या वर्षापासून गोधड्या धुण्याआधी नारळ ठेवायचा. कुणाला तरी विचारावंसं वाटलं मला, नारळाला ढग दिसतो का? पण बाईमाणसानं गाऱ्हाण्याच्या वेळी बोलायची पद्धत नव्हती. पद्धती फार होत्या त्या गावात. वर बघायची पद्धत तेवढी नव्हती.

दिवस करायला माझा नवरा आणि दीर मुंबईहून आले. तेराव्या दिवशी सगळं आटपल्यावर आम्ही ओटीवर होतो. दीर भिंतीला टेकून बसले होते. बोलता बोलता माझ्या नवऱ्यानं म्हटलं, हिच्या माहेरी म्हणे असले ढग ओळखतात. तेव्हा मामंजी माझ्याकडे वळले. आता कचेरीतलं मराठी गेलं.

"मगे तू सांगलंस कित्याक नाय?"

दीर माझ्याकडे बघायला लागले. ती नजर मी विसरलेले नाही. मी म्हटलं, "सांगूक इल्लंय. तुमी हात वर केल्यात."

"माका आठवत नाय," मामंजी म्हणाले.

त्यांना खरंच आठवत नसेल. हात वर करणाऱ्याला तो आठवत नाही, याचाच मला जास्त संताप आला. तलाठ्यापुढे कुणालाच कळण्यासारखं नव्हतं, आणि घरात मात्र मला कळलं होतं. दोन्हीकडे ते मोकळे. त्या रात्री मी जेवले नाही आणि मला कुणी विचारलंही नाही.

पुढच्या वैशाखापासून मी कुणाची परवानगी घेतली नाही. बायका कोंडावर असल्या की मी जात्यावर. शेर संपला, कड हलली नसली, की तांब्याचा हंडा आणि पळी घेऊन दरडीवर जायचं आणि बडवायचं. बायका कुरकुरत वर यायच्या. काहीजणी शिव्याही द्यायच्या, देवोत. माझं बडवणं पुष्कळदा फुकट गेलं. साठच्या पुढच्या वर्षांत नदी दोनदा तशीच आली, डोक्यावर ऊन असताना. दोन्ही वेळा पात्रात एकही माणूस नव्हतं. गावानं त्याचं श्रेय नारळाला दिलं.

वाकळीचं सांगायचं राहिलं. ती मामंजींनी स्वतः कुंपणावर वाळत घातली होती, आणि वाळल्यावर ती परत त्यांच्या अंथरुणात गेली. बायकोची आठवण म्हणून त्यांनी ती ठेवली, हे मला कळत होतं. पण तिच्यापायी घरातली एक बाई गेली, हे त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. तिला खाडीच्या चिखलाचा वास यायचा. बाकीची अंथरुणं मी दर वर्षी धुतली. ती नाही.

वर्षामागून वर्षं गेली. मामंजींचे डोळे अधू झाले, खळ्यातल्या खुर्चीतून उठणं बंद झालं. वैशाख आला की ते विचारायचे, "माझी वाकळ धुवक नेतंस मा गो?"

मी पहिल्यांदा उत्तर दिलं तेव्हा आभाळ कोरं होतं. घाटाच्या टोकापासून दर्यापर्यंत कापसाएवढाही ढग नव्हता. मी म्हटलं, "नाय. घाटार ढग बसलो आसा."

त्यांनी सुंभ खाली ठेवलं. मग जन्मात पहिल्यांदा, खुर्चीत बसल्या बसल्या, सगळं अंग वळवून त्यांनी पूर्वेकडे तोंड केलं. डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिले. त्यांना काही दिसणं शक्य नव्हतं, आणि आभाळ स्वच्छ आहे असं म्हणायची आता त्यांची छाती नव्हती. ते मरेपर्यंत दर वैशाखात त्यांनी हेच विचारलं आणि मी हेच सांगितलं.